दुसरीच्या नावाची ड्युटी

संगप्पाकाकांनी दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या वर्षातच कळतं. सिद्धेश्वरीला ते आठ महिन्यांत कळलं होतं. आणि तरी आज रविवारी दुपारी, बाळीवेशीतल्या काकांच्या स्वयंपाकघरात गव्हाच्या खिरीची हुग्गी ढवळत उभी असताना, तो शब्द कोणत्या क्षणी मोडायचा एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. मोडायचा की नाही, हा प्रश्न तिने कालच निकालात काढला होता.

काकांचा धंदा भुसार मालाचा. पण खरा धंदा ओळखींचा, असं पुतणे त्यांच्या माघारी म्हणत आणि समोर आले की पाया पडत. कुणी बँकेत, कुणी साखर कारखान्याच्या ऑफिसात, कुणी शाळेत शिपाई. भावकीतली अकरा माणसं काकांनी चिकटवली होती. नुसता अर्ज करून नोकरी मिळते, हे या घराण्यात अजून कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, मल्लिनाथला, चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात काकांनीच लावलं, आणि तीन आठवड्यांपूर्वी दोघं अक्कलकोटहून सोलापुरात दोन खोल्यांत राहायला आली. गेल्या बुधवारी काकांचा फोन. "सिद्धू, तुझंबी झालं बघ. युवराज डॉक्टर आपलेच हायत. सोमवारी त्यांच्या दवाखान्यात रुजू व्हायचं."

तिने तेव्हाच सांगितलं होतं, की काका, माझी नर्सिंगची नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलची आहे. इथली व्हायला दोन-अडीच महिने लागतील, अर्ज टाकलाय.

"कागदाचं काय घिऊन बसलीस? डॉक्टर चालवून घेत्यात म्हणाले."

यात काकांचा तरी काय दोष! सिद्धेश्वरीचं माहेर दुधनीचं. दुधनीच्या माणसाला सोलापूर आणि कलबुर्गी ही एकाच गाडीची दोन टोकं. मुलगी तिकडे द्यायची, सून तिकडून आणायची, तूर ज्या बाजूला भाव असेल त्या बाजूला न्यायची. मधली रेघ सरकारच्या नकाशात असेल, घरात कुणी पाहिलेली नाही. वडिलांनी तिला कलबुर्गीच्या नर्सिंग कॉलेजात घातलं ते कॉलेज गाडीने जवळ पडतं म्हणून. मुलगी ज्या गाडीने परत येईल त्याच गाडीने तिचा नोंदणीचा नंबरही येईल, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली मुलगी सोलापूर स्टेशनावर उतरली, आणि कायद्याने तिला साधी सुई टोचायचा अधिकार राहिला नाही.

"गूळ घातलास का?" सासूबाईंनी विचारलं. ईरम्मा सकाळच्याच एसटीने अक्कलकोटहून आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. सुनेला नोकरी लागली, ती दिरामुळे लागली, आणि डॉक्टर स्वतः जेवायला येणार. त्यांचा आनंद सकाळपासून भांड्यांच्या आवाजातही कळत होता.

"घातला, अत्ती." मग तिने पळी कडेला ठेवली. आणखी ताणण्यात अर्थ नव्हता. "अत्ती, मी उद्या तिथं जाणार न्हाई."

काकांची सून धनलक्ष्मी शेंगाचटणी कुटत होती. तिचा बत्ता हवेतच थांबला.

"म्हंजे?" ईरम्मा म्हणाल्या.

मग तिने शुक्रवारचं सांगितलं. डॉक्टरांनी तिला काम बघायला बोलावलं होतं. तिथल्या इनचार्जबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. हिने नाव सांगितलं, सिद्धेश्वरी. बाई हसल्या. म्हणाल्या, ते घरी. इथं सृष्टी. सृष्टी म्हणून कुणी सिस्टर होती, ती गेल्या वर्षीच्या दिवाळीत नोकरी सोडून पुण्याला गेली. तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र काउंटरमागे फ्रेम करून तसंच लावलेलं. तिच्या नंबरावर ड्युटी करायची, तिच्या नावाने सही करायची, तपासणीला कुणी आलं तर नाव सृष्टीच सांगायचं.

"मग?" ईरम्मांना अजून अडचण दिसेना. "दोन म्हैन्याचाच सवाल की. मग तुझा नंबर येतोय."

"अत्ती, औषध दिलं मी आणि पेशंटला काय झालं, तर सही कुणाची? पुण्यात बसलेल्या पोरीची. आणि पकडली गेले तर माझा नंबर जन्माचा जातोय. चार वर्षं शिकले ते काय दुसरीचं नाव गिरवायला?"

धनलक्ष्मीने बत्ता खाली ठेवला. "वैनी, एक सांगू? राग मानू नका. अवं, सगळ्यांनाच सगळं मनासारखं मिळत न्हाई. मामंजींनी शब्द टाकलाय. आज तुमी न्हाई म्हणालात तर उद्या ते कुणासाठी शब्द टाकतील?"

तिच्या पोटातलं सिद्धेश्वरीला ठाऊक होतं. धनलक्ष्मीचा धाकटा भाऊ शिवकुमार विजापुरात फार्मसी करून घरी बसला होता, आणि याच डॉक्टरांच्या मेडिकल दुकानात त्याला लावायचं काकांनी कबूल केलं होतं. रांगेत पुढचा नंबर त्याचा. पुढच्याने खिडकीवर भांडण काढलं की मागचा धास्तावतो, तसं तिचं झालं होतं.

"तुझ्या नवऱ्याला म्हाईत हाय का हे?" ईरम्मांनी विचारलं.

मल्लिनाथला शुक्रवारीच माहीत झालं होतं. तो भला माणूस, फक्त काकांसमोर त्याचा आवाज अर्धा होतो. आत्ताही पाण्याचा तांब्या न्यायला आला तो तिघींचे चेहरे बघून दारातच थबकला. "सिद्धू, आज नको. डॉक्टर जेवून जाऊ देत. मग मी हळूच काकांना सांगतो."

"अहो, तुमी शुक्रवारीबी हेच म्हणालात, हळूच सांगतो. किती हळू?"

त्याने माठातलं पाणी घेतलं. तांब्या घेऊन बाहेर गेला, तोही अर्धाच भरून. तिला त्याची दया आली आणि रागही आला. दया थोडी कमी.

कोपऱ्यात संगप्पाकाकांच्या पत्नी, अक्कम्माकाकू, विड्याची पानं पुसत बसल्या होत्या. त्यांनी एवढ्या वेळात एक शब्द काढला नव्हता. यंदाच्या चैत्रातल्या डेंग्यूनंतर त्या तशाही कमी बोलत. आता त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काय नाव म्हणालीस त्या पोरीचं?"

"सृष्टी, काकू."

"दिवाळीत गेली?"

"व्हय."

काकूंनी पुन्हा पान पुसायला घेतलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि काकांचा स्वागताचा खणखणीत आवाज आला, "बर्री, बर्री डॉक्टर!" स्वयंपाकघरातलं भांडण तिथल्या तिथे झाकण घालून ठेवावं लागलं. पाहुणा जेवत असताना घासाला कडू लागेल असं बोलायचं नाही, ही या घरची रीत आहे, आणि सिद्धेश्वरीलाही ती मान्य होती.

युवराज डॉक्टर पन्नाशीचे, गोरेपान, हसतमुख. वाईट माणूस असा चेहऱ्यावर लिहिलेला असता तर जगात कामं किती सोपी झाली असती! ते पाटावर मांडी घालून बसले, ईरम्मांना "माऊली" म्हणाले, हुग्गीवर तूप घ्यायला नको म्हणाले आणि घेतलं. काका स्वतः वाढायला उभे. "इन्नू स्वल्प, डॉक्टर, इन्नू स्वल्प!" म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा वाटी भरली.

"तुमची सून हुशार आहे हं, संगप्पा," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी एका पेशंटकडे नुसतं बघून म्हणाली, यांचं सलाईन शिरेच्या बाहेर चाललंय. आमच्या मुलींच्या लक्षातही आलं नव्हतं."

काकांची छाती फुगली. "आमच्या घरात आली म्हंजे काय!"

सिद्धेश्वरी कडक भाकरीचं ताट घेऊन उभी होती. कौतुक तिलाही गोड लागलं, खोटं कशाला बोला. पण त्या पेशंटच्या हाताची सूज तिला आठवली, आणि ती बाजूला उभी असलेली, अठरा-एकोणीस वर्षांची, घाबरलेली मुलगी. कॉलेजाचं तोंडही न पाहिलेली. तिच्या सहीच्या जागीही सृष्टीच.

काल शनिवारी तिने जे केलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फाईल काखेत मारून ती होटगी रस्त्यावरच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेली आणि मेट्रन कुठे बसतात ते विचारलं. चिठ्ठी नाही, फोन नाही, कुणाचं नाव नाही. मेट्रनबाईंनी फाईल चाळली आणि सरळ म्हणाल्या, इथली नोंदणी येईपर्यंत नर्स म्हणून घेता येणार नाही. ही म्हणाली, तेच विचारायला आलेय, आल्यावर घ्याल का? तेवढ्यात वॉर्डातून एक सिस्टर वैतागून आली. कर्नाटकातल्या इंडीकडची एक म्हातारी, पित्ताशयाचं ऑपरेशन, दोनदा पुढे ढकललं होतं आणि आज तिसऱ्यांदा. उपाशी राहा म्हणून सांगितलेलं असतं, आणि सकाळी बघावं तर चहा नि केळं खाऊन बसलेली. मराठी तिला धड येत नव्हतं. सिद्धेश्वरीने विचारलं, मी बोलू का?

म्हातारीचं म्हणणं अगदी रास्त होतं. ती जन्मभर सोमवार धरत आलेली. उपासाला भाकरी चालत नाही. चहा, केळं चालतं. तेवढंच तर खाल्लं! सिद्धेश्वरी तिच्या खाटेवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, अव्वा, हा देवाचा उपास नव्हे, डॉक्टरचा उपास. देव चहा माफ करतो, हा करत नाही. "नीरू ब्याडा, चा ब्याडा, एनू ब्याडा." पाणी नको, चहा नको, काहीच नको. म्हातारी खुदकन हसली. मग हिने तिला चार वेळा तिच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि तिच्या मुलालाही.

मेट्रनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी तिला परत ऑफिसात नेलं. म्हणाल्या, आमच्याकडे निम्मे पेशंट सीमेपलीकडून येतात. नंबर येईपर्यंत कन्नड पेशंटांच्या मदतीला बस. पगार मदतनिसाचा. सुईला हात लावायचा नाही, औषधाला हात लावायचा नाही. नंबर आला की त्या दिवसापासून स्टाफ नर्स, तसं लेखी देते. सोमवारी ये.

ते लेखी पत्र आत्ता तिच्या पर्समध्ये होतं.

जेवणं झाली. डॉक्टरांनी हात धुतले, पान घेतलं, आणि सोफ्यावर टेकत म्हणाले, "मग उद्या आठला. नाव लक्षात आहे ना?" आणि डोळा मिचकावला.

"हाय, डॉक्टर," सिद्धेश्वरी म्हणाली. "माझं नाव सिद्धेश्वरी. म्हणूनच उद्या मी येऊ शकत न्हाई."

मल्लिनाथने डोळे मिटून घेतले. काकांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर होता तिथेच राहिला.

"काय बोलतीयास?"

"काका, दुसरीच्या नंबरावर मी पेशंटला हात लावणार न्हाई. तुमी माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याचे उपकार हायतच. पण हे मला जमणार न्हाई."

"हे बघ," काकांनी आवाज खाली आणला, आणि तो ओरडण्यापेक्षा जड होता. "चाळीस वर्षात मी दिलेला शब्द खाली पडला न्हाई. घरचंच माणूस पाडणार व्हय? तेबी पाहुण्यासमोर?"

"एवढं काही नाही हो, संगप्पा," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "नवीन आहे, घाबरली असेल. हे बघा सिस्टर, हे सगळीकडे असंच चालतं. ट्रेंड माणसं मिळतात कुठे? काम येतं ना तुम्हाला? मग कागद कुणाचा, याने पेशंटला काय फरक पडतो?"

"तसंच की, वैनी," धनलक्ष्मी दारातून म्हणाली. ईरम्मांनी पदर तोंडाला लावला तो काकांच्या बाजूचाच होता. खोलीत तिच्या बाजूला कुणी नव्हतं. सिद्धेश्वरीला ते जाणवलं. रात्रपाळीत पेशंटचं बीपी उतरायला लागलं आणि डॉक्टर फोन उचलत नसला की जे थंड शहाणपण येतं, ते तिला आलं होतं.

तेवढ्यात मल्लिनाथ खाकरला. "काका, ती बरोबर बोलतीय." आवाज अर्धाच होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. त्याचे कान लाल झाले होते.

"तूबी?" काका म्हणाले.

"मी एक विचारू, डॉक्टर?"

हा आवाज अक्कम्मांचा. त्या पुरुषमाणसांच्या बैठकीत येऊन बोलत नसत. आज त्या आल्या, सोफ्यासमोर खाली बसल्या आणि डाव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या खाली अजून काळपट डाग होता आणि मधे खड्डा पडला होता.

"चैत्रात मी तुमच्याकडं चार दिवस होते. सलाईन लावलं ती पोरगी कोण?"

"आता इतक्या महिन्यांपूर्वीचं... स्टाफच असणार ना, अक्का. सृष्टी सिस्टर असेल."

"व्हय, सृष्टीच. सगळे तिला सृष्टी म्हणूनच हाक मारायचे." अक्कम्मा शांतपणे म्हणाल्या. "मी पडल्यापडल्या बघायची. सृष्टी, सृष्टी म्हणून बोलवायचे आणि पोरगी वळायचीच न्हाई. मला वाटायचं, बहिरी हाय की काय. कीव यायची तिची."

डॉक्टरांनी पान चघळायचं थांबवलं.

"सृष्टी तर त्याच्या आदल्या दिवाळीतच गेली म्हणं. मग चैत्रात माझ्या हातात सुई कुणी घातली?"

काका बायकोच्या हाताकडे बघत होते. त्या हाताला हळद लावून, शेकून, मालिश करून बरं करायला त्यांनी पंधरा दिवस दुकान नोकरांवर सोडलं होतं. "वयामुळं होतंय असं," डॉक्टर म्हणाले होते, आणि काकांनी ते देवाचं बोलणं समजून ऐकलं होतं. त्या हॉस्पिटलातही त्यांची बायको ओळखीमुळेच, खास खोलीत, पहिल्या नंबरावर दाखल झाली होती.

"संगप्पा, अहो काही गैरसमज..." डॉक्टर उठले.

"बसा," काका म्हणाले. मग स्वतःच उठले. घरची रीत काका विसरले नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर ठरल्याप्रमाणे शाल घातली, हातात नारळ दिला, दारापर्यंत पोहोचवलं. उंबऱ्यावर हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, पोरीसाठी टाकलेला शब्द मी माघारी घेतला. आणि ती भिंतीवरची फ्रेम उतरवा. मी स्वतः बघायला येणार हाय."

गाडी गेली. काका परत आले आणि सोफ्यावर न बसता खाली, अक्कम्मांच्या शेजारी बसले. एवढा मोठा माणूस, एकाएकी लहान दिसला. सिद्धेश्वरीला वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण काकांकडे बघून तो तिने गिळला आणि त्यांना पाणी आणून दिलं.

"मला सांगायचं न्हाईस व्हय गं कधी?" काका बायकोला म्हणाले.

"मला तरी कुटं म्हाईत होतं? ही बोलली तवा कळालं."

धनलक्ष्मी अजून दारातच होती. तिच्या चेहऱ्यावर बरीच उलथापालथ चालली होती. शेवटी ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वैनी, आमच्या शिवकुमारचं शिक्षणबी विजापूरचं. म्हंजे त्यालाबी दुसऱ्याच्याच नावावर बसवणार होते का काय तितं?"

"विचारून बघा. आणि त्याला सांगा, इथल्या कौन्सिलकडं अर्ज टाक. कागद काय काय लागतात ते मी लिहून देते."

"आजच द्या." ती लगेच वही शोधायला पळाली. बाजू बदलायला तिला वहीचं एक पान पुरलं, असं ईरम्मा नंतर म्हणाल्या. पण त्यांनी स्वतःही पदर तोंडावरून कधीच काढला होता, आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून त्या उभ्या होत्या.

"मग आता?" काकांनी विचारलं. "नंबर येईपतूर घरात बसणार?"

सिद्धेश्वरीने पर्समधून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. मदतनीस हा शब्द आला तिथे थांबले, ओठ मुडपले, पुढे वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"नावबी तुझंच हाय ह्याच्यावर."

"व्हय, काका."

"ह्या हॉस्पिटलात माझ्या वळखीचं कोण हाय?"

"कुणी न्हाई, काका."

काकांनी पत्राची घडी केली, जशी होती तशीच, आणि तिला परत दिली.

"बरं झालं," ते म्हणाले.